साल वाटायची नाही

इनासनं बाटली आणली सांतूस बंदरातून,
मोज्यात गुंडाळून, मोज्यावर टॉवेल,
टॉवेलवर पोरांची दोन जर्किनं.
खानापूर स्टेशनावर उतरला आणि थेट आमच्याकडे.
घरी का नाही नेलीस म्हटलं, तर म्हणतो,
"आमच्यात फेणीशिवाय कशाला दारू म्हणत नाहीत, काका."

लेबलावरची भाषा गल्लीत कुणाला येत नाही.
दोन भाषांची आम्हाला सवय आहे,
रात्रीत पाटी बदलली तरी सकाळी दूधवाला चुकत नाही.
ही तिसरी. इनासनं बोट ठेवून वाचली:
कशासा.
आतून शालन ओरडली, "कशासाठी?"
"साठी नाही, काकी. नुसतं कशासा."
"तेच विचारतेय."

उसाची आहे म्हणाला. मळीची नव्हे,
ताज्या रसाची.
मी बाटली उजेडाकडे धरली.
एकतीस वर्षं कारखान्याच्या लॅबमध्ये
दर दोन तासांनी हाच रस माझ्या टेबलावर यायचा,
हिरवट, फेसाळ, कधी त्यात मुंगी.
मी ब्रिक्स मोजायचो, रजिस्टरात लिहायचो, बेसिनमध्ये ओतायचो.
मळीचे टँकर रात्री गेटातून जायचे.
पुढे त्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं
आणि घरी कुणी बोलत नव्हतं.

लिंबं होती. इनास म्हणाला तिकडे लिंबूच घालतात,
पण बाजारात कणकुंबीकडची एक बाई
पळसाच्या द्रोणात जांभळं घेऊन बसलेली,
ती आणली.
साखर आमचीच, टपोऱ्या दाण्याची.
बर्फाला बांगड्याचा वास.
इनासनं नाक मुरडलं, मी खडे धुवून घेतले,
बर्फ धुतलेला मी पहिलाच असेन.

मग वरवंटा घेतला आणि लागलो कुटायला.
लिंबाच्या फोडी, जांभळं, साखर, सगळं एकदम.
ओटा जांभळा, बनियन जांभळं.
शालन ओले हात पदराला पुसत आली.
"काय करूलासा हे? लोणचं घालूलासा काय?
सरका.
लिंबाची साल वाटायची नाही. कडू होतंय."

जी बाई दाराशी दारूच्या जाहिरातीचं कॅलेंडर आलं
तर उलटं टांगायची,
तिनं माझा चोथा गाळणीत ओतून दिला बाजूला,
नव्या फोडी केल्या, मधली पांढरी शीर काढली,
लाटण्याच्या टोकानं दाबलं.
चारदा. थोडं फिरवून पुन्हा एकदा.
चेचलं नाही. दाबलं, जसं कणीक भिजली का बघतात.
जांभळं बोटांनी फोडली, बिया वेगळ्या.
"आता ओत तुझं ते कशासाठी."
इनासनं ओतलं. तिनं "पुरे" म्हटलं
तेव्हा तो अजून ओतत होता.

निवृत्तीला मिळालेला रिफ्रॅक्टोमीटर मी कपाटातून काढला.
एक थेंब. डोळा लावला. एकोणीस.
दारूत हा आकडा खोटा येतो,
हे मी नवीन पोरांना कितीदा शिकवलंय.
तरी डायरीत लिहिला, वेळेसकट.

स्टीलचे तीन पेले.
तिसरा कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.
शालननं एक घोट घेतला. ओठ जांभळे.
बराच वेळ काही बोलली नाही, मग:
"तोडणी चालू असते ना, आणि आपण बांधावरून जातो,
तसा वास आहे ह्याला."
आणखी एक घोट. "आणि बांगड्याचा."

इनास हसून हसून ठसकला.
मी बघत होतो
तिच्या पेल्यातला बर्फ किती उरलाय ते.

सकाळी बाटली फडताळात सापडली,
कैरीच्या आणि मिरचीच्या बरणीमधे,
झाकणाला फडकं बांधलेलं.
बरण्यांना लावते तशी चिकटपट्टी,
त्यावर तिचं अक्षर:
कशासाठी. मे महिना. मीठ नाही.